मिकीचे दंडवत

टिळकांच्या जन्मगावी, या रत्नागिरीत, अग्रलेखाची ताकद कुणाला पटवून द्यावी लागत नाही. व्यंगचित्र मात्र आपण अजून तोंडी लावण्यापुरतेच धरतो. अमेरिकेच्या अ‍ॅन टेल्नेस यांची कारकीर्द पाहा. अ‍ॅनिमेशन शिकल्या, डिस्नेत काही वर्षे काम केले, मग राजकीय व्यंगचित्रांकडे वळून २००१ मध्ये पुलित्झर मिळवले. अ‍ॅनिमेशन म्हणजे ठरल्या साच्यात हात बसवणे, तिथे स्वतःचे मत कुठले, असे कुणी म्हणेल. पण सेकंदाला २४ चौकटी मागणाऱ्या या कलेत देहबोली हीच भाषा. पाठ किती वाकवली की लाचारी दिसते, हे त्या हाताला नेमके कळते. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने नाकारलेल्या त्यांच्या कच्च्या रेखाटनात पत्राचे मालक बेझोस इतर धनिकांसह थैल्या घेऊन ट्रम्पच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकतात आणि मिकी माउस चक्क साष्टांग दंडवत घालतो. (जुन्या मालकालाही सोडले नाही!) संपादक म्हणाले, याच विषयावर लेख आलाय, पुनरुक्ती होते. असेल, पण लेखाने सांगितले म्हणून चित्राने गप्प बसावे, हा कुठला न्याय? जानेवारी २०२५ मध्ये टेल्नेस यांनी 'पोस्ट'चा राजीनामा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात पुलित्झर पुन्हा त्यांनाच मिळाले.