भामरागडच्या ढोल्या

भामरागड म्हटले की कुणाला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीचा संगम आठवतो, कुणाला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प. मला आठवतो धनेश. पुस्तकातले नाव मलबारी धनेश. पण तो सह्याद्रीइतकाच गडचिरोली-बस्तरच्या रानाचाही रहिवासी. काळे अंग, पांढरे पोट आणि पिवळ्याधमक चोचीवर काळा डाग असलेले भलेमोठे शिरस्त्राण!

याचा संसार विलक्षण. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते. उरते एक फट. त्या फटीतून नर तिला उंबराची, वडाची फळे भरवत राहतो. तो मेला, तर आतल्यांचे हाल कुत्रा खात नाही. आणि धनेशाच्या चरबीने संधिवात बरा होतो, या खुळ्या समजुतीपायी तो मारलाही जातो.

मुख्य अडचण मात्र घराची. धनेशाला ढोली कोरता येत नाही, ती आयती लागते; आणि ती पडायला झाडाला वय लागते. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोहखनिज निघते. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावू, असे कुठल्याही प्रकल्पात सांगतात तेव्हा मला हसू येते. रोपात धनेश कुठे राहणार? सागाच्या रांगांत तो खाणार काय?

वनखात्याने ढोलीची आणि उंबर-वडाची झाडे वेगळी नोंदवावीत, त्यांना कुऱ्हाड लावू नये. नोंदणीला माडिया माणसे बरोबर घ्यावीत. कोणता उंबर कधी पिकतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?