हिशेबाचे यंत्र बसविले, पण पहारेकरी कुठे आहे?

आमच्या ज्या व्यापारी बांधवांचे दुकान एका गल्लीत आणि गोदाम दुसऱ्या टोकाला आहे, किंवा ज्यांची तीन-चार दुकाने आहेत, त्यांच्यात अलीकडे एक नवी सोय रूढ होत आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात नाहीतर घराच्या माळ्यावर एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा, त्याला सर्व्हर म्हणायचे, त्यात डेटाबेस बसवायचा आणि सर्व गल्ल्यांवरची बिले, मालाचा साठा, उधारी व कारागिरांची मजुरी तेथे एकत्र जमा करायची. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना कोणत्या मागावर किती कापड उतरले हे घरबसल्या पाहता येते. शिलाईकाम करणाऱ्याला जुन्या गिऱ्हाइकाचे माप क्षणात सापडते. ही सोय चांगली आहे व आम्ही तिचे स्वागतच करतो. मात्र तिच्यासोबत जो पहारा बसवायला हवा, तो फारच थोड्या ठिकाणी बसवला जातो. आजचा आमचा विषय तोच आहे.

डेटाबेस म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगायचे तर ती अशी खातेवही आहे की जिच्यात दहा मुनीम एकाच वेळी लिहीत असले तरी एकाची ओळ दुसऱ्याच्या ओळीत मिसळत नाही, आणि नोंद अर्धवट राहिली तर ती वहीत शिरतच नाही. यासाठी चोरीची कॉपी वापरण्याची काहीही गरज नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचे काम १९८६ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात सुरू झाले. मारियाडीबी हा २००९ साली मायएसक्यूएलमधून वेगळा निघाला. दोन्ही मोफत मिळतात व मोठमोठ्या कंपन्या ते वापरतात. लिनक्सही मोफत आहे. आठ जीबी मेमरीचा एखादा जुना संगणक लहान व्यापाराला पुरतो. जाणकार तरुण एका दुपारीत हे सर्व बसवून देतो आणि चहा पिऊन निघून जातो. बसवणे सोपे आहे म्हणूनच पुढची काळजी घेतली जात नाही.

पुढे काय होऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका इंजिनिअरला एक बिघाड दुरुस्त करायचा होता. आपण राखीव सर्व्हरवर आहोत असे समजून त्याने जुनी माहिती पुसण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हर होता. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, परंतु तोवर सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरली होती.

चूक माणसाकडून होतेच. खरा धक्का त्यानंतर बसला. कंपनीकडे प्रती जपण्याचे पाच मार्ग होते आणि ऐन वेळी त्यातला एकही भरवशाचा निघाला नाही. रोज प्रत काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा होता, तर डेटाबेस ९.६ चा. त्यामुळे तो रोज अयशस्वी होत होता. तसे कळवणारी ई-मेलही निघत होती, पण समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता, म्हणून कोणापर्यंत पोहोचतच नव्हती. प्रती ठेवण्याची जागा उघडून पाहिली तेव्हा ती रिकामी होती. एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी एक प्रत काढली होती, तिच्यावर कंपनी सावरली. तरीही मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

पगारी इंजिनिअर असलेल्या कंपनीची ही गत, तर आमच्या माळ्यावरच्या संगणकाचे काय? त्या कंपनीने सर्व हकिगत जगासमोर उघडपणे मांडली, म्हणून आपल्याला शिकायला मिळते. आपल्याकडे असे घडले तर दुकानदार कपाळावर हात मारतो आणि लोक हसतील म्हणून गप्प बसतो.

यासाठी डेटाबेस बसवाल त्याच दिवशी देखरेखीचे सॉफ्टवेअरही बसवा. झॅबिक्स, प्रोमिथियस, ग्राफाना अशी साधने मोफत आहेत, आणि लहान कामाला अपटाइम कुमासारखे हलके साधनही चालते. त्यांच्याकडून पाच गोष्टींवर लक्ष ठेवून घ्यावे. डिस्कवर जागा किती उरली आहे. डेटाबेस विचारल्यावर उत्तर देतो की नाही. शेवटची प्रत केव्हा निघाली व तिचा आकार कालच्याइतका आहे का. वीज गेल्यावर यूपीएस तग धरतो का. आणि चुकीचा पासवर्ड टाकून कोणी वारंवार दार ठोठावत आहे का. यातले काही बिघडले की मोबाइलवर निरोप आला पाहिजे.

येथे दोन पथ्ये पाळावीत. पहिले, पहारेकरी त्याच संगणकात ठेवू नये. घराला आग लागली आणि चौकीदार आतच कोंडलेला असेल तर हाक कोण मारणार? तो दुसऱ्या संगणकावर, शक्य तर दुसऱ्या जागी असावा. दुसरे, "काही चुकले तर कळव" एवढेच सांगून भागत नाही. गिटलॅबचा निरोप वाटेतच अडला. म्हणून "प्रत नीट निघाली की रोज कळव" असे सांगावे. ज्या सकाळी निरोप आला नाही, त्या सकाळी दुकान उघडण्याआधी सर्व्हर पाहावा.

प्रती किमान दोन असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत असावी. महिन्यातून एकदा त्यातली एक प्रत वेगळ्या संगणकावर उघडून मागच्या आठवड्याची चार बिले सापडतात का, ते स्वतः पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेला गल्ला. जीएसटी कायद्याच्या ३६व्या कलमानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. "डिस्क जळाली" हे उत्तर तेथे पुरत नाही.

आणखी एक धोका आहे. दुसऱ्या दुकानातून हिशेब दिसावा म्हणून पुष्कळ जण डेटाबेसचे दार थेट इंटरनेटवर उघडे टाकतात. त्याच जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसची कुलपाविना उघडी राहिलेली हजारो खाती पुसली गेली आणि त्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. पोस्टग्रेस बसवल्यावर मुळात फक्त स्वतःच्या संगणकाचेच ऐकतो. बाहेरचे दार आपला माणूस घाईत उघडतो. ते तसे न उघडता व्हीपीएनच्या खासगी वाटेने आत यावे आणि गल्ल्यावरच्या मुलाला बिल लिहिण्यापुरताच अधिकार द्यावा, पुसण्याचा नव्हे.

आता शेवटची, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाची बाब. मुख्य पासवर्ड कोणाजवळ आहे? अनेक ठिकाणी तो बसवून देणाऱ्याच्याच डोक्यात असतो. तो गाव सोडून गेला, त्याच्याशी पैशावरून वाद झाला, तर मालक स्वतःच्याच तिजोरीबाहेर उभा राहतो. तिजोरीची किल्ली आपण सुताराकडे ठेवत नाही. पासवर्ड, बसवण्याची पद्धत आणि प्रत परत उभी करण्याच्या पायऱ्या कागदावर लिहून घ्याव्यात व तो कागद घरात जपून ठेवावा. मजुरीचा शेवटचा हप्ता हा कागद हाती पडल्यावरच द्यावा.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? ज्याचा एकच गल्ला आहे, त्याला आमचेही हेच सांगणे आहे की सर्व्हरच्या नादी लागू नका. चांगली वही किंवा एका संगणकावरचा हिशेब आणि त्याची बाहेर ठेवलेली प्रत पुरेशी आहे. भाड्याच्या क्लाउडवर हिशेब ठेवणेही वाईट नाही, पण तेथेही आपली एक प्रत आपल्या हाती असलीच पाहिजे.

ज्यांना सर्व्हर खरोखरच हवा आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्यात केवळ आपला नफा नसतो. कोणाची उधारी किती, कोणत्या कारागिराचे किती देणे बाकी, कोणाने किती आगाऊ दिले, ही लोकांची अमानत त्यात असते. नोंद गेली तर धनको आपली चिठ्ठी काढून दाखवील, पण ज्या कारागिराजवळ कागद नाही, त्याची आठवड्याची मजुरी बुडेल. आपल्या घरातल्या शिकत्या मुलामुलींना हे काम शिकवा. ज्यांच्याकडे सर्व्हर आहे, त्यांनी आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी एवढेच विचारावे : शेवटची प्रत केव्हा निघाली, आणि ती उघडून कोणी पाहिली?