गेम बनवणारे आणि गेम खेळणारे : बोलावं कसं, ऐकावं कसं?



शाळेत आपण औपचारिक पत्र लिहायला शिकतो. दिनांक, प्रति, विषय, महोदय, मग मुद्द्याचं दोन परिच्छेदांत लिहिणं आणि शेवटी 'आपला विश्वासू'. बऱ्याच मुलांना वाटतं, हे फक्त मार्कांपुरतं. मोठेपणी कोण लिहितंय तक्रारपत्र! पण हीच मुलं जवळजवळ रोज तक्रारपत्र लिहीत असतात. कुठे? मोबाईलवरच्या गेमच्या रिव्ह्यूमध्ये. 'एकदम थर्ड क्लास गेम. डेव्हलपर झोपलेत का? पैसे खाऊन बसलेत.' खाली एक तारा. दिनांक नाही, विषय नाही, काय बिघडलं तेही नाही. राग मात्र भरपूर.

आणि वरून कंपनीचं उत्तर काय येतं? 'प्रिय खेळाडू, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' हे उत्तर दहा हजार जणांना एकसारखंच गेलेलं असतं. ते वाचून राग कमी होतो का? उलट वाढतो.

आज या विषयावर लिहायचं कारण, ऑनलाइन गेम ही आता नुसती वस्तू राहिलेली नाही. लुडोचा पट एकदा विकत आणला की दुकानदाराचा आणि आपला संबंध संपतो. ऑनलाइन गेम दर महिन्याला बदलतो. आज तुमच्याकडे असलेलं हत्यार उद्याच्या अपडेटमध्ये कमजोर होऊ शकतं, सर्व्हर बंद पडू शकतो, किमती वाढू शकतात. म्हणजे बनवणारा आणि खेळणारा वर्षानुवर्षं शेजारी राहणार. शेजाऱ्याशी कसं बोलायचं, हा प्रश्न मग येतोच.

माझं मत आधीच सांगून टाकते. आदर म्हणजे गोड शब्द नव्हेत. आदर म्हणजे समोरच्याला खरं कारण सांगणं. आणि ही जबाबदारी आधी कंपनीची आहे, कारण पैसे तिच्याकडे गेलेले असतात आणि गेमचं बटणही तिच्याच हातात असतं.

गोड शब्दांचं काय होतं ते बघा. नोव्हेंबर २०१७. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' हा गेम बाजारात येणार होता. ईए ही मोठी अमेरिकन कंपनी तो आणत होती. ज्यांना आधी खेळायला मिळाला, त्यांच्या लक्षात आलं की डार्थ व्हेडर हे सगळ्यात गाजलेलं पात्र कुलूपबंद आहे. ते उघडायला गेममधली ६०,000 नाणी लागतात, म्हणजे खेळाडूंच्या हिशेबाने सुमारे ४० तासांचा खेळ. आणि घाई असेल तर? पैसे भरून नशिबाच्या पेट्या घ्या. एका खेळाडूने रेडिटवर विचारलं, मी ८० डॉलर मोजलेत, तरी व्हेडर बंद का? कंपनीच्या लोकांनी शांतपणे, सभ्य भाषेत उत्तर दिलं. त्याचा अर्थ असा होता की पात्र मेहनतीने मिळवलं की खेळाडूला अभिमान वाटावा, काही कमावल्याचा आनंद व्हावा, असा आमचा हेतू आहे.

व्याकरणाची एक चूक नव्हती. एक शिवी नव्हती. तरीही त्या उत्तराला सहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली आणि गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली! का? कारण प्रश्न पैशाचा होता आणि उत्तर अभिमानाचं होतं. आपल्याकडे याला 'तोंडाला पाने पुसणे' म्हणतात. पुढे कंपनीने नायकांच्या किमती ७५ टक्क्यांनी कमी केल्या, पण त्याच वेळी गोष्टीचा भाग पूर्ण केल्यावर मिळणारी नाणीही कमी केली. खेळाडूंनी तेही पकडलं. अखेर गेम येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीने गेममधली पैशांची खरेदीच तात्पुरती बंद केली. पहिल्याच दिवशी सरळ उत्तर दिलं असतं तर इतकं चिघळलं असतं, असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ही मला जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने ३० सप्टेंबर २०१० रोजी 'फायनल फँटसी फोर्टीन' हा ऑनलाइन गेम आणला. गेम इतका फसला की विचारू नका. दिसायला सुंदर, खेळायला कंटाळवाणा. बाजारात एखादी वस्तू हवी असेल तर विकणाऱ्या नोकरांच्या रांगेतून एकेकापाशी जाऊन बघावं लागायचं. पुढे असंही कळलं की सजावटीच्या एका फुलझाडाच्या कुंडीवर खेळाडूच्या अख्ख्या पात्राइतकी चित्रकारी खर्च झाली होती. म्हणजे यंत्राची सगळी ताकद कुंड्या दाखवण्यातच जायची! (आपल्याकडेही वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर असाच खर्च होतो आणि आतला मजकूर राहून जातो, पण ते असो.)

कंपनीने काय केलं? अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली. आणि महत्त्वाचं म्हणजे मासिक वर्गणी थांबवली. जानेवारी २०१२ पर्यंत ती घेतलीच नाही. माफीच्या मागे पैशाचं वजन होतं. हे नीट लक्षात घ्या, कारण 'आम्ही दिलगीर आहोत' म्हणायला काहीच खर्च येत नाही.

योशिदांनी खेळाडूंना पत्रं लिहायला सुरुवात केली. 'निर्मात्याचे पत्र' असंच त्यांचं नाव. काय चुकलं, काय दुरुस्त करतोय, कशाला वेळ लागेल, कोणती मागणी पूर्ण होणार नाही आणि का होणार नाही, हे सगळं त्यात असायचं. नंतर ते थेट प्रक्षेपणातून प्रश्नांची उत्तरं द्यायला बसू लागले. एकीकडे जुना गेम सुधारत राहिले आणि दुसरीकडे नवा घडवत राहिले. ११ नोव्हेंबर २०१२ ला जुन्या जगावर गोष्टीतला चंद्र कोसळवून ते जग बंद केलं. २७ ऑगस्ट २०१३ ला नवा गेम आला. पडत्या काळात ठराविक महिने वर्गणी भरून सोबत राहिलेल्या खेळाडूंच्या पात्रांची नावं त्यांनी श्रेयनामावलीत घातली. सिनेमा संपल्यावर पाट्या जातात ना, तशी. ज्याने साथ दिली त्याचं नाव पडद्यावर.

डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परीक्षा झाली. 'एंडवॉकर' हा नवा भाग आला आणि इतकी गर्दी झाली की लोकांना लॉगिनच्या रांगेत तासन्‌तास थांबावं लागलं. त्यातच एरर येऊन काही जण रांगेतून बाहेर फेकले जात होते. तुम्ही एसटी स्टँडवर दिवाळीच्या रांगेत उभे आहात आणि खिडकीपाशी पोचताच कुणीतरी म्हणतं, 'परत मागे जा', असं समजा. नवे सर्व्हर का लावता येत नाहीत, जगभर चिपांचा तुटवडा कसा आहे, एरर नेमका का येतो, हे योशिदांनी सामान्य माणसाला समजेल असं लिहून सांगितलं. खेळाडूंना आधी ७ दिवस मोफत दिले, मग आणखी १४. त्यावर कडी म्हणजे कंपनीने आपल्याच गेमची नवी विक्री थांबवली! गिऱ्हाईक दारात उभं असताना दुकान बंद ठेवायचं, कारण आतल्या गिऱ्हाइकाला बसायला जागा नाही. विक्री पुन्हा सुरू झाली ती २५ जानेवारी २०२२ ला. खेळाडू चिडले नाहीत असं नाही. पण आपल्याला फसवलं जातंय असं फारसं कुणाला वाटलं नाही, आणि फरक तिथेच पडतो.

तुम्ही म्हणाल, बाई, सगळा दोष कंपनीचाच का? खेळाडू काय कमी बोलतात?

अजिबात कमी बोलत नाहीत. आणि इथे मला खेळाडूंच्या बाजूने बोलता येत नाही. 'नो मॅन्स स्काय' हा गेम २०१६ मध्ये जूनऐवजी ऑगस्टमध्ये येणार असं जाहीर झालं, तेव्हा तो बनवणाऱ्या छोट्या ब्रिटिश कंपनीच्या प्रमुखाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कशासाठी? गेम दोन महिने उशिरा येणार म्हणून! पुढे गेम आला तेव्हा सांगितलेल्या काही गोष्टी त्यात नव्हत्या, हेही खरं. त्यावर राग येणं रास्तच होतं. त्यानंतर कंपनी बराच काळ गप्प राहिली आणि काम करत राहिली. जुलै २०१८ च्या मोठ्या अपडेटमध्ये एकत्र खेळण्याची सोय नीट आली. लोक परत आले. पण गप्प राहणं हा काही संवादाचा नमुना नव्हे. मला तर वाटतं, धमक्या नसत्या तर ती माणसं इतकी गप्प झाली नसती.

'डेस्टिनी टू' बनवणाऱ्या बंजी कंपनीचं उदाहरण आणखी कडू आहे. त्यांच्या एका कर्मचाऱ्याचं काम खेळाडूंशी बोलण्याचं होतं. त्याने एका कृष्णवर्णीय चाहत्याच्या चित्राचं कौतुक केलं. त्यावरून एका खेळाडूने त्याला फोनवर वर्णद्वेषी निरोप ठेवले, घरी न मागवलेला पिझ्झा पाठवला. म्हणजे 'तुझं घर मला माहीत आहे' असाच इशारा. कंपनी कोर्टात गेली आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने त्या खेळाडूला जवळजवळ ५ लाख डॉलर भरायला सांगितले. पण त्याआधीच, २०२२ मध्ये, छळामुळे कंपनीच्या माणसांनी खेळाडूंशी उघड बोलणं कमी केलं होतं. नुकसान कुणाचं झालं? नीट प्रश्न विचारणाऱ्या हजारो खेळाडूंचं. आपल्या जुन्या म्हणीत सांगायचं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. किंमत ठरवणारा अधिकारी कुठेतरी वरच्या मजल्यावर असतो, शिव्या खातो तो उत्तरं देणारा कर्मचारी.

स्क्वेअर एनिक्सने जानेवारी २०२५ मध्ये एक धोरणच जाहीर केलं. धमकी, बदनामी, पाठलाग, पुन्हापुन्हा तेच ते विचारून छळणं, असं काही केलं तर सेवा देणार नाही आणि गरज पडली तर कायद्याची मदत घेऊ. टोकियो शहरात तर ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्धचा नियम १ एप्रिल २०२५ पासून लागूही झाला. मला हे पटतं, मात्र एका अटीवर. 'छळ' या नावाखाली कंपन्यांनी साधी तक्रारही झटकून टाकू नये. एक तारा देणं हा छळ नाही. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स टू' या गेमच्या संगणकावरच्या खेळाडूंवर सोनीचं वेगळं खातं उघडण्याची सक्ती होणार होती. अनेक देशांत ते खातं मिळतच नव्हतं. खेळाडूंनी दोन लाखांहून जास्त वाईट रिव्ह्यू लिहिले आणि काही दिवसांतच सोनीने निर्णय मागे घेतला. गेमच्या निर्मात्यांनी पुढे त्या रिव्ह्यूंच्या आलेखाची नक्षी असलेली एक शाल गेममध्ये आणली. टीका पोटात घालायला असं काळीज लागतं.

काही गेममध्ये खेळाडूंना थेट कारभारात घेतात. 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलंडच्या गेममध्ये २००८ पासून खेळाडू मतदान करून स्वतःचं प्रतिनिधी मंडळ निवडतात. आपल्या शाळेच्या विद्यार्थी मंडळासारखंच, फक्त ते कंपनीच्या लोकांसमोर बसून वाद घालतं. प्रत्येक गेमला हे जमेल असं नाही. पण पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणण्याआधी खेळाडूंना बोलावून तो खेळून घेतला होता, म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून फार लांब नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या अशा कंपनीत खेळाडूंच्या तक्रारी वाचायला बसेल. तेव्हा आजच्या रिव्ह्यूची भाषा टेबलाच्या पलीकडून ऐकायला मिळेल.

तर मग सुरुवातीचा तो रिव्ह्यू पुन्हा लिहून बघू. 'थर्ड क्लास गेम, डेव्हलपर झोपलेत का' याऐवजी :

'विषय : अपडेटनंतर गेम बंद पडणे. काल रात्री नऊच्या सुमारास नवा अपडेट घेतला. तेव्हापासून चौघांच्या टीमचा सामना सुरू होताच गेम आपोआप बंद होतो. एकट्याने खेळताना होत नाही. फोनमध्ये ४ जीबी रॅम आहे, वायफाय चालू होतं. तीन वेळा असं झालं आणि तिन्ही वेळा माझे गुण कापले गेले. दुरुस्ती कधी होईल ते कळवावे आणि कापलेले गुण परत द्यावेत.'

यात कुठेही लाचारी नाही. मागणी स्पष्ट आहे. आणि ज्याच्या हातात हे पडेल त्या माणसाला काय शोधायचं ते लगेच कळेल, कारण 'टीममध्ये होतं, एकट्याने होत नाही' हे एक वाक्य शंभर शिव्यांपेक्षा त्याच्या उपयोगाचं आहे. हे मराठीतच लिहा. इंग्रजी येत नाही म्हणून बरीच मुलं नुसता तारा देऊन मोकळी होतात. मराठी तक्रारी मोठ्या संख्येने आल्या तर त्या वाचणारा माणूस कंपनीला ठेवावा लागेल.

या आठवड्याचा अभ्यास : तुम्ही खेळत असलेल्या एखाद्या गेममधली एक खरी अडचण निवडा आणि वरच्यासारखं आठ ओळींचं तक्रारपत्र लिहा. मग वही शेजारच्याला द्या. त्याने कंपनीच्या वतीने त्याला उत्तर लिहायचं आहे. 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' हे वाक्य वापरायला मनाई आहे.