आधी आई दाखवा

ऑगस्ट २०२५ मध्ये या देशात कुत्र्यांवर जितके बोलले गेले, तितके त्यापूर्वी क्वचितच बोलले गेले असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने ११ ऑगस्टला दिल्ली आणि लगतच्या शहरांतील भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय खंडपीठाने तो बदलला आणि रेबीजची लागण झालेले किंवा आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावेत, असे सांगितले. मधल्या अकरा दिवसांत वृत्तवाहिन्यांपासून गृहसंकुलांच्या बैठकांपर्यंत सर्वत्र वाद झडले. ते सारे रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी होते. आपण पैसे मोजून जे पिल्लू घरी आणतो ते कोठून येते, हा प्रश्न त्या गदारोळात जवळपास कोणी विचारला नाही.

रस्त्यावरचे बहुसंख्य कुत्रे रस्त्यावरच जन्मतात, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांचे खापर पिल्ले विकणाऱ्यांवर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु मोठ्या शहरातील कोणत्याही प्राणी-निवाऱ्यात जाऊन पाहावे. गावठी कुत्र्यांच्या शेजारी लॅब्रॅडॉर, पग, हस्की, जर्मन शेफर्ड दिसतात. काही मालकांनी कंटाळून सोडलेले असतात. काही वयस्क माद्या असतात. त्यांची पोटे लोंबलेली आणि स्तन ओघळलेले असतात. पिल्ले देण्याची क्षमता संपली म्हणून त्यांना कोणीतरी महामार्गाच्या कडेला उतरवून दिलेले असते. या माद्या एका व्यापाराचा मागे उरलेला भाग आहेत, आणि त्या व्यापाराचे ग्राहक तुमच्या-माझ्यासारखे सुशिक्षित लोक आहेत.

मी त्या ग्राहकांपैकी एक होते, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडी जबाबदारीही आहे. काही वर्षांपूर्वी दिल्लीत मी लॅब्रॅडॉरचे एक पिल्लू विकत घेतले. विक्रेत्याने फोनवर छायाचित्रे पाठवली, भाव ठरला, आणि एका मेट्रो स्थानकाच्या वाहनतळावर त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू माझ्या हातात दिले. ‘पंचेचाळीस दिवसांचे आहे,’ तो म्हणाला. आईविषयी विचारले तेव्हा ‘ती फार्मवर असते, लांब आहे,’ असे उत्तर मिळाले. मला ते पुरेसे वाटले. तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले, चौथ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले, सहाव्या दिवशी ते गेले. पार्व्हो विषाणूची लागण होती. पशुवैद्यांनी मला तीनच प्रश्न विचारले होते. आईचे लसीकरण झाले होते का? पिल्लू किती दिवस तिच्या अंगावर पीत होते? त्याच्या भावंडांपैकी कोणी आजारी आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. विक्रेत्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता.

पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिक काळ जातो. म्हणजे बहुतेक करून पिल्लू माझ्या घरी आले तेव्हाच आजार सोबत घेऊन आले होते. त्यामागचे कारण गूढ नाही. पिल्लाला सुरुवातीचे संरक्षण आईच्या चिकातून मिळते. आईचेच लसीकरण झालेले नसेल, तर तिच्याकडून मिळणारे संरक्षण अपुरे असते. पिल्लांच्या लशींचा क्रम सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होऊन सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. पंचेचाळिसाव्या दिवशी आईपासून तोडलेले, निरनिराळ्या ठिकाणची पिल्ले एकत्र कोंबलेल्या जागेतून आलेले पिल्लू विषाणूच्या तोंडी दिल्यासारखेच असते.

मला नंतर कळले की हा व्यवहार केवळ अविचाराचा नव्हता. तो बेकायदा होता. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्या प्रत्येकाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते आणि जागेची तपासणी झाल्यावरच ती मिळते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांहून लहान मादीपासून पैदास करता येत नाही, आणि तिला वर्षातून एकाहून अधिक वेळा पिल्ले होऊ देता येत नाहीत. पिल्लाला विक्रीपूर्वी मायक्रोचिप बसवलेली असावी लागते. जन्म, विक्री आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. सार्वजनिक जागी पिल्ले विक्रीसाठी मांडता येत नाहीत. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही स्वतंत्र नियम आले. कागदावर पाहिले तर भारताची तरतूद अनेक देशांच्या तोडीची आहे.

हे नियम ज्या अर्थकारणाला आवर घालू पाहतात, ते समजून घेतले पाहिजे. मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो. म्हणजे वर्षातून दोनदा पिल्ले घेणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने शक्य असते. मादीचे शरीर मात्र त्यात झिजून जाते. पिल्लू पाच-सहा आठवड्यांत विकले की त्याच्या आहाराचा, लशींचा आणि देखभालीचा खर्च वाचतो. लहान पिल्लू अधिक गोजिरवाणे दिसते, म्हणून लवकर विकलेही जाते. स्वस्त पिल्लाची किंमत कोणीतरी चुकवलेली असतेच: आधी मादीने, मग पिल्लाने, आणि शेवटी पशुवैद्याचे देयक भरणाऱ्या ग्राहकाने.

म्हणून पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: आधी आई पाहा, आणि ती जेथे राहते तेथे जाऊन पाहा. या एका अटीत बाकीच्या बहुतेक अटी सामावतात. मादीची प्रकृती, तिचे वय, तिचा माणसांशी वागण्याचा स्वभाव, जागेची स्वच्छता, तेथे एकूण किती जनावरे आहेत, हे सारे एका भेटीत दिसते. घाबरट किंवा चावरी आई ही पिल्लांच्या भावी स्वभावाविषयीही सूचना असते. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, तो बहुधा दलाल असतो किंवा त्याच्याकडे लपवण्यासारखे काही असते. इंग्लंडने एप्रिल २०२० मध्ये नेमके हेच कायद्यात आणले. सहा महिन्यांखालील पिल्लांची मध्यस्थामार्फत विक्री तेथे बंद झाली. नवे पिल्लू हवे असेल तर ते जन्मस्थानी, आईसोबत पाहूनच घ्यावे लागते. नाहीतर निवाऱ्यातून दत्तक घ्यावे लागते.

आपल्याकडे ग्राहक आईऐवजी ‘पेपर’ मागतो. केनेल क्लबकडे झालेली वंशावळीची नोंद कुत्र्याचे कूळ सांगते. त्याच्या प्रकृतीची हमी देत नाही. त्यातही ‘पेपरसह’ आणि ‘पेपरविना’ असे दोन भाव सर्रास सांगितले जातात. वंशावळ खरी असेल आणि जन्माची नोंद रीतसर झाली असेल, तर तिला वेगळा दर लावण्याचे कारणच काय? असे दोन भाव ऐकू आले की सावध व्हावे. कागद पाहायचेच असतील तर ब्रीडरचा नोंदणी क्रमांक, पशुवैद्याची सही व लशीचे लेबल असलेले लसपत्र, पिल्लाच्या शरीरातील मायक्रोचिपशी जुळणारा क्रमांक आणि पैशांची पावती पाहावी. पावती नसेल तर पुढे ग्राहक आयोगापुढे उभे राहणेही कठीण होते.

जबाबदार ब्रीडर या देशात नाहीत असे मुळीच नाही. ते ओळखता येतात, कारण विकण्याची घाई त्यांना नसते. ते एक किंवा दोनच जाती सांभाळतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशा जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून ते नर-मादीची क्ष-किरण तपासणी करून घेतात आणि तिचा अहवाल दाखवतात. त्यांचे प्रश्न आपल्या प्रश्नांहून अधिक असतात. घरात दिवसा कोण असते, भाड्याचे घर आहे का, बदली झाली तर कुत्र्याचे काय करणार, असे ते विचारतात. काही वेळा ते नकारही देतात. दिल्लीच्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत हस्की ठेवू इच्छिणाऱ्याला नकार मिळालाच पाहिजे. आणि कोणत्याही वयात कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो परत घेण्याची लेखी तयारी ते दाखवतात. माझ्या दृष्टीने ही शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जो परत घेतो त्याचा कुत्रा रस्त्यावर येत नाही.

यावर प्राणिमित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. निवारे भरलेले असताना पिल्लू विकत घ्यावेच का? माझे उत्तर असे की, ज्याला केवळ सोबत हवी आहे त्याने गावठी पिल्लू दत्तक घ्यावे. आपल्या हवामानात ते उत्तम टिकते. पण विक्रीवर सरसकट बंदी घातल्याने मागणी नाहीशी होत नाही, ती अंधारात जाते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तेवीस ‘हिंस्र’ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास राज्यांना सांगितले. संबंधितांशी सल्लामसलत न करता काढलेले ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द ठरवले. त्या परिपत्रकाची खरी चूक मात्र न्यायालयीन प्रक्रियेच्या पलीकडची होती. त्याने कुत्र्याच्या जातीकडे पाहिले, पैदाशीच्या पद्धतीकडे पाहिले नाही. भावंडांपासून लवकर तोडलेले, साखळीला बांधून वाढवलेले पिल्लू कोणत्याही जातीचे असले तरी धोकादायक होऊ शकते.

देशी जातींनाही हाच न्याय लागू आहे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मधून देशी जाती पाळण्याचे आवाहन केले. कर्नाटकातील मुधोळ, तामिळनाडूतील राजपालयम, चिप्पिपराई या जातींकडे त्यामुळे शहरी ग्राहकांचे लक्ष गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अचानक आलेली लोकप्रियता जातीचे किती नुकसान करते, हे आपण २००३ नंतर पाहिले आहे. मोबाइल सेवेच्या एका जाहिरातीत पग झळकला आणि शहराशहरांत पगची पिल्ले विकली जाऊ लागली. चपट्या नाकामुळे उष्ण हवेत श्वास घेणे ज्या जातीला जड जाते, ती भारतभर पसरली. मुधोळची पैदास तशीच गल्लीबोळांत होऊ लागली, तर देशी असणे तिला वाचवणार नाही.

ग्राहकाने सजग व्हावे, हे सांगणे सोपे आहे. पण राज्यसंस्थेचे काम ग्राहकावर ढकलून चालणार नाही. १९६० च्या मूळ कायद्याखालील नियम मोडल्यास कमाल दंड आजही शंभर रुपये आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे खरी, पण तिचा वापर कितीसा होतो? एका पिल्लाची किंमत हजारांत असताना शंभर रुपयांचा दंड हा धंद्याचा किरकोळ खर्च ठरतो. दंड वाढवू पाहणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. नोंदणी करणारी राज्य मंडळे अनेक ठिकाणी नावापुरती आहेत. त्यांच्याकडे ना पुरेसे कर्मचारी, ना निधी. परिणाम असा की प्रामाणिक ब्रीडर शुल्क भरून तपासणीला सामोरा जातो, आणि वाहनतळावरचा विक्रेता कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

यावर उपाय आपल्याच व्यवस्थेत उपलब्ध आहे. सदनिकेच्या जाहिरातीत रेरा क्रमांक द्यावा लागतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर परवाना क्रमांक छापावा लागतो. मग पिल्लाच्या जाहिरातीत ब्रीडरचा नोंदणी क्रमांक का नको? ज्या संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवर ही विक्री चालते, त्यांना क्रमांकाविना जाहिरात स्वीकारण्यास मनाई करावी. प्रत्येक राज्याने नोंदणीकृत ब्रीडरांची यादी जनतेला पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. महापालिका पाळीव कुत्र्याचा परवाना देताना मायक्रोचिप आणि ब्रीडरचा क्रमांक नोंदवून घेऊ शकतात. मग सोडून दिलेला कुत्रा कोणाचा व कोठून आला, हे शोधता येईल. आणि जन्मस्थानी, आईसमवेत पाहिल्याशिवाय विक्री नाही, हे कलम २०१७ च्या नियमांत जोडावे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

त्या पहिल्या पिल्लानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा चौकशी सुरू केली. या वेळी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला: आई पाहता येईल का? बहुतेकांनी विषय बदलला किंवा फोन ठेवला. एका बाईंनी मात्र सांगितले, ‘रविवारी या, पण त्या दिवशी पिल्लू मिळणार नाही.’ मी गेले. दारात मादीने माझे हात हुंगले, मग ती पिल्लांपाशी जाऊन बसली. बाईंनी तासभर माझीच उलटतपासणी घेतली आणि पिल्ले नऊ आठवड्यांची झाल्यावर बोलावले. तो कुत्रा आज माझ्या टेबलाखाली झोपला आहे. त्याच्या लसपत्रावर आईचे नाव आहे, आणि पशुवैद्यांनी काही विचारले तर माझ्याकडे उत्तर असते.