नाव नको, कुवत विचारा

‘रत्नागिरी’ हे नाव संगणक एका पद्धतीने मोजतो तेव्हा ९ घटकांचे भरते, दुसऱ्या पद्धतीने २७. पहिली यूटीएफ-१६, दुसरी यूटीएफ-८. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रोग्राममध्ये हे नाव लिहिले, त्याच ओळीत पुढे चूक केली, आणि चुका शोधणारे पॅकेज बाइट मोजत असताना एडिटर यूटीएफ-१६ धरून बसला, तर चुकीखालची लाल रेघ १८ घरे पुढे सरकते. ओळ तेवढी लांब नसेल तर टोकाला जाऊन बसते. विद्यार्थी मग भलतीकडेच चूक शोधत राहतो. इंग्रजी मजकुरात दोन्ही मोजण्या सारख्याच येतात, त्यामुळे इंग्रजीतच चाचण्या घेणाऱ्याला हा घोळ कधी दिसतच नाही.

यावरचा उपाय उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुल्या केलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये काम सुरू होण्याआधीच एडिटर आणि सर्व्हर (म्हणजे चुका शोधणारा प्रोग्राम) आपल्याला काय काय जमते ते एकमेकांना सांगतात. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून मोजणीची पद्धतही या बोलणीत ठरवता येते. एडिटर आपल्याला चालणाऱ्या पद्धती कळवतो, सर्व्हर त्यातली एक निवडतो, आणि कोणीच काही बोलले नाही तर यूटीएफ-१६ धरायचे. पॅकेज लिहिणाऱ्या प्रत्येकाने हीच रीत पाळावी, असे माझे म्हणणे आहे. एडिटरचे नाव किंवा आवृत्ती विचारण्यापेक्षा हवी ती सोय आहे का, एवढेच विचारावे. नावावर विसंबल्याने काय होते, हे ब्राउझरांनी दाखवलेच आहे. ऑपेराची दहावी आवृत्ती २००९ मध्ये आली तेव्हा कित्येक संकेतस्थळे आवृत्तीचा पहिलाच अंक वाचत. दहाचा एक होऊ नये म्हणून बिचाऱ्या ऑपेराला आपण ९.८० असल्याचे सांगावे लागले. क्रोम तर आजही स्वतःची ओळख ‘मोझिला’पासूनच सुरू करतो.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांनी व्हीएस कोड हाच एडिटर वापरावा, म्हणजे प्रश्नच मिटला. पण व्हीएसकोडियम आणि कर्सर हे एडिटरही त्याच्याच कोडवर उभे आहेत. नाव पाहून दार बंद करणारे पॅकेज या दोघांना विनाकारण बाहेर ठेवील. २०१४ मध्ये विमपासून वेगळ्या झालेल्या निओविमचेही तेच. सोयीगणिक तपासणी लिहिण्याचा व्याप वाढतो, ही तक्रार खरी आहे; मात्र नावांची आणि आवृत्त्यांची यादी दर नव्या एडिटरमागे दुरुस्त करत बसण्याचा व्याप त्याहून मोठा असतो.

अधिक वजनदार आक्षेप वेगळाच आहे. एडिटर ‘जमते’ म्हणतो आणि प्रत्यक्षात जमत नाही, त्याचे काय? यूटीएफ-८ चालते म्हणणाऱ्या टर्मिनलमध्ये एडिटर उघडला तर ‘त्न’ हे जोडाक्षर फुटलेले दिसू शकते, कर्सरही चुकीच्या जागी थांबतो. अशा ठरावीक दोषापुरते नाव आणि आवृत्ती पाहणे मला मान्य आहे, दोष सुटल्यावर ती अट काढून टाकायच्या बोलीवर. आणि तो दोष मुळात हाती लागावा यासाठी प्रत्येक पॅकेजच्या चाचण्यांत जोडाक्षर असलेली एक तरी देवनागरी ओळ घालावी.