कर्जाला आधी मंजुरी हवी

राज्याच्या तिजोरीतील एक रुपयाही विधिमंडळाच्या संमतीवाचून खर्च होता कामा नये, हे जबाबदार राज्यपद्धतीचे पहिले सूत्र होय. आपल्या संविधानाच्या २०४व्या अनुच्छेदाने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. परंतु एखादे सूत्र ग्रंथात शाबूत राहूनही व्यवहारात झिजत जाऊ शकते. सार्वजनिक खर्चाच्या आणि विशेषतः सरकारी कर्जाच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे. तेव्हा या प्रश्नाचा पक्षभेद बाजूस ठेवून विचार होणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राच्या २०२५-२६ सालच्या अर्थसंकल्पात राज्यावरील एकूण ऋणाचा अंदाज सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांचा होता. कर्ज काढणे हे स्वतः पाप नव्हे. धरणे, रस्ते आणि वीजकेंद्रे पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडतात, तेव्हा त्यांच्या खर्चाचा काही भाग त्या पिढ्यांनी उचलणे न्याय्यच ठरते. शिवाय हे ऋण राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून कमी आहे, हा सरकारपक्षाचा युक्तिवादही खोटा नाही. पण त्याच अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटींची आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटींचा धरलेला होता. म्हणजे सुमारे ४६ हजार कोटींची तूट नित्याच्या खर्चातलीच होती. घर बांधण्यासाठी काढलेले कर्ज आणि वाण्याचे बिल भागविण्यासाठी काढलेले कर्ज यांतला भेद कोणत्याही गृहिणीला सांगावा लागत नाही.

या कर्जाचा विधिमंडळाच्या अधिकाराशी असलेला संबंध मात्र सहसा लक्षात येत नाही. आपल्या अर्थसंकल्पात खर्चाचे दोन वर्ग असतात : दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर विधानसभा मतदान करते. भारित खर्चावर तिला चर्चा करता येते, मत देता येत नाही. कर्जावरील व्याज आणि कर्जाची परतफेड ही दुसऱ्या वर्गात मोडतात. धनकोचा पैसा सभागृहाच्या लहरीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. पण त्याचा परिणाम असा की, कर्ज काढताना जो प्रश्न विचारला गेला नाही, तो फेडताना विचारून काहीच उपयोग नसतो. व्याजापोटी राज्याला वर्षाला साठ हजार कोटींहून अधिक रक्कम मोजावी लागते, आणि त्या रकमेपुरता आमदाराचा हात मतासाठी वर उठू शकत नाही. आजचे प्रत्येक कर्ज उद्याच्या विधानसभेच्या अधिकाराचा एक तुकडा गहाण टाकत असते.

ही गोष्ट संविधानकारांच्या ध्यानी आली नव्हती असे नाही. राज्याने कर्ज किती काढावे आणि हमी किती द्यावी, याची मर्यादा विधिमंडळाला कायद्याने ठरविता येईल, अशी तरतूद त्यांनी २९३व्या अनुच्छेदात केली. महाराष्ट्राने २००५ साली राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदाही केला. तरीदेखील व्यवहारात वर्षाच्या कर्जाचा आकडा मुख्यतः केंद्र सरकारच्या संमतीने ठरतो, आणि सभागृहाच्या वाट्याला अर्थसंकल्पाच्या पुस्तिकांतील एक ओळ येते. राज्याने किती कर्ज काढावे याची चिकित्सा दिल्लीत व्हावी आणि ज्यांना ते फेडायचे त्यांच्या प्रतिनिधींनी मात्र त्यावर पुरता एक दिवसही खर्च करू नये, हे विपरीत होय.

जे कर्ज सरकार स्वतः न काढता महामंडळाकरवी काढविते, त्याची कथा याहूनही बोधप्रद आहे. बचावत लवादाने दिलेले कृष्णेचे पाणी २००० सालापूर्वी अडविले पाहिजे, म्हणून १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. शासनाच्या हमीवर त्याने रोखे विकून पैसा उभा केला. उद्देश निकडीचा होता, यात शंका नाही. परंतु पाटबंधाऱ्यांना पाण्याची पट्टी वसूल करून रोख्यांचे व्याज देता येत नाही, हे त्या वेळीही उघड होते. अखेर परतफेडीचा भार राज्याच्या तिजोरीवरच आला. ज्या कर्जाला सभागृहाने कर्ज म्हणून कधी मंजुरी दिली नव्हती, ते असे मागील दाराने घरात आले.

खर्चाच्या मंजुरीची स्थितीही समाधानकारक नाही. २०२४-२५ सालचा ६ लाख १२ हजार कोटींचा अर्थसंकल्प २८ जून २०२४ रोजी मांडला गेला, आणि दोन आठवडेही उलटले नाहीत तोच ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या पुढे आल्या. डिसेंबरात ३५,७८८ कोटींच्या, मार्चमध्ये आणखी ६,४८६ कोटींच्या आल्या. यांतील काही रकमा केवळ हिशेबी समायोजनाच्या असतात, हे मान्य केले तरी एकूण बेरीज मूळ अंदाजाच्या पंचमांशाहून अधिक भरते. महापूर किंवा अवर्षण सांगून येत नाही. त्यासाठी पुरवणी मागणी हवीच. पण पंधरा दिवसांपूर्वी जे दिसत होते ते अर्थसंकल्पात न घालता मागाहून मागणे, याला अंदाज म्हणावयाचे की अंदाजाची थट्टा?

विरोधी पक्षांनीही येथे आपल्या पदराकडे पाहिले पाहिजे. चर्चा न होता उरलेल्या मागण्या ठरलेल्या दिवशी एकगठ्ठा मतास टाकण्याची प्रथा सर्वत्र आहे. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा केंद्रीय अर्थसंकल्प एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न करता गोंधळात संमत केला. गोंधळास दोन्ही बाकांचा हातभार होता. लाभ मात्र नेहमी एकाच बाकाला होतो. उत्तर देण्यापासून सुटका ही कोणत्याही मंत्र्याला हवीच असते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा सभासदांना बोलण्याची मुभा होती, मत देण्याचा अधिकार नव्हता. तरीही शिलकी अंदाजपत्रकाच्या पाठीमागे दडलेले करांचे ओझे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी उघडे केले. त्यांच्यापाशी मत नव्हते, अभ्यास होता. आज आपल्या प्रतिनिधींपाशी मत आहे. ते अभ्यासावाचून दिले जात असेल, तर मिळविलेला अधिकार आपण आपल्या हाताने टाकून देत आहोत.

उपाय कठीण नाहीत. दरवर्षी अर्थसंकल्पासोबत ऋणाचे स्वतंत्र विवरण मांडले जावे. त्यात महामंडळांची कर्जे आणि शासनाने दिलेल्या हम्या रुपयारुपयाने दाखविल्या जाव्यात, आणि त्या सर्वांची वार्षिक मर्यादा सभागृहाने मतदानाने ठरवावी. खात्यांच्या मागण्या मतदानापूर्वी समितीने तपासाव्यात. केरळ विधानसभेने १९८० सालापासून आणि संसदेने १९९३ सालापासून अशा समित्या नेमल्या आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सरकारच्या हाती आल्यावर किती दिवसांत सभागृहापुढे ठेवावा, याविषयी संविधानाने मुदत घातलेली नाही. त्यामुळे तो पुष्कळदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, चर्चेला वेळ नसताना, येतो. ही मुदत कायद्याने घालावी. आणि लोकलेखा समितीने काय शिफारस केली व त्यावर खात्याने काय केले, हे जनतेला वर्षातून एकदा तरी कळावे.

यांतील एकाही सूचनेने सरकारची सत्ता कमी होत नाही. त्याचे उत्तरदायित्व तेवढे वाढते. आज सत्तेवर असलेले उद्या विरोधी बाकांवर बसतील आणि तेव्हा हीच मागणी करतील. ती आजच मान्य करण्यात शहाणपण आहे. कारण सरकारे बदलतात, आमदार बदलतात, पण कर्जाच्या हप्त्याची तारीख बदलत नाही. आणि तो हप्ता ज्याच्या करातून जातो, त्या नागरिकाला ते कर्ज काढण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीकरवी जाब विचारता आला पाहिजे.