पहिली मोहिनी

पॅरिसची सारा बर्नहार्ट १९१२ साली मूकपटात राणी एलिझाबेथ झाली, तेव्हा ती सत्तरीला आलेली, जगभर नावाजलेली नटी होती. त्याच सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके तारामतीच्या भूमिकेसाठी बाई शोधत होते. एकही मिळेना. सिनेमात काम करणे इतके कमीपणाचे, की कलावंतिणींच्या वस्तीतूनही नकारच आला! शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले.

फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या चित्रपटात मात्र दोन खऱ्या बायका दिसल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची लेक कमला. वय जेमतेम तेरा! दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. अशा बाईपुढे तेव्हा वाटा त्या कितीशा? चार घरची धुणीभांडी, नाहीतर स्वयंपाक. त्यांनी फिरती नाटक मंडळी धरली. लोक बोलले, ते बोलणारच होते. लेकही लहानपणीच रंगभूमीवर उभी राहिली.

मूकपटात गाता गळा काय कामाचा? नाचता नाचता भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर आणायचा, तो नुसत्या हावभावांनी. नाटकात वाढलेल्या पोरीने ते केले.

पुढे नट रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झाले आणि ती कमलाबाई गोखले झाली. पण पंचविशीतच वैधव्य आले. पदरात दोन मुलगे, तिसरा पोटात. रडत बसायला सवड नव्हती. कमलाबाई पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि गंमत पाहा, पुरुषांच्या जागी पडद्यावर आलेल्या या बाईने नाटकात पुरुषांच्याही भूमिका केल्या! मुलांपैकी चंद्रकांत गोखले नामवंत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. नातू विक्रम गोखले तर घरोघरी ठाऊक.

'मोहिनी भस्मासुर'ची फीत आज उरलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी रीना मोहन यांनी 'कमलाबाई' हा अनुबोधपट केला, म्हणून म्हातारपणीच्या कमलाबाई तरी पाहायला मिळतात. नव्वदीच्या घरातल्या, पुण्यात एकट्या राहणाऱ्या. जुन्या भूमिकांची आठवण निघाली, की त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या जागी अभिनय करून दाखवतात.